पाण्याचा नुसता आकडा नको, आत कोण आहे ते विचारा

चारठाण्याची जुनी बारव ज्या काळ्या दगडाची, त्याच दगडातून आपल्या बोअरचं पाणी येतं. पावसाचं पाणी खडकातून मुरताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेतं. म्हणून साबणाला फेस येत नाही, तूरडाळ शिजता शिजत नाही, हंड्याला पांढरा थर धरतो. असं पाणी जड असतं, विषारी नसतं. मुतखडा झाला की सगळे जड पाण्याला दोष देतात. पण चव नाही म्हणून पाणी कमी पिणं, हे मुतखड्याचं जास्त पक्कं कारण आहे.

फिल्टर विकणारा वस्तीत येतो, पेनासारखा मीटर ग्लासात बुडवतो आणि आकडा दाखवून घाबरवतो. त्या आकड्याला टीडीएस म्हणतात. भारतीय मानकात तो लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरं पाणी नसेल तर 2000 पर्यंत चालतो. मुळात मीटर फक्त पाण्यातून वीज किती जाते ते मोजतो. ती कॅल्शियममुळे जाते की सोडियममुळे, हे त्याला कळत नाही. घरात माणसं किती ते कळलं, कोण ते नाही.

कोण ते सांगणारी तपासणी म्हणजे आयन क्रोमॅटोग्राफी. 1975 साली अमेरिकेत डाऊ कंपनीतल्या हॅमिश स्मॉल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. बारीक मण्यांनी भरलेली एक नळी असते. मण्यांवर ऋण भार असतो. पाण्याचा थेंबभर नमुना सौम्य आम्लासोबत त्या नळीतून ढकलतात. सोडियम, कॅल्शियम हे धन भाराचे, म्हणून ते मण्यांना चिकटत चिकटत पुढे जातात. गल्लीत ज्याची ओळख कमी तो सरळ निघून जातो, ज्याची जास्त तो दारोदार थांबतो, तसंच. साधारणपणे आधी सोडियम, मग अमोनियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि शेवटी कॅल्शियम बाहेर पडतं. तिथेही वीजच मोजतात, पण एकेकाला वेगळं करून. बाहेर पडायच्या वेळेवरून नाव कळतं, कागदावर उठलेल्या उंचवट्यावरून प्रमाण. मात्र सोडियम आणि अमोनियम लागोपाठ येतात. सोडियम फार असेल तर त्याच्या मोठ्या उंचवट्यात अमोनियमचा छोटा झाकून जातो, तेव्हा तपासणाऱ्याला जपून बघावं लागतं.

आमचा जीव या दोघांतच अडकतो. दवाखान्यात होतो तेव्हा बीपीच्या पेशंटला आम्ही पापड-लोणचं बंद करायला सांगायचो. पाणी कुठलं पिता, हे आम्ही कधी विचारलं नाही. ती चूक आमचीच. समजा पाण्यात लिटरला 300 मिलिग्रॅम सोडियम आहे आणि शेतात राबणारी बाई तीन लिटर पिते. 900 मिलिग्रॅम पाण्यातूनच गेलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 2000 पेक्षा कमी सांगते. बीपी, हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर हा हिशेब डॉक्टरांना दाखवा. पाणी उकळून सोडियम जात नाही.

अमोनियम एवढ्याशा प्रमाणात स्वतः आजार करत नाही, पण चुगली करतं. हातपंपाच्या पाण्यात ते सापडलं तर नाली, शौचखड्डा किंवा उकिरडा पाण्यात उतरत असल्याचा संशय घ्यावा. अमोनियाची मर्यादा लिटरला फक्त 0.5 मिलिग्रॅम आहे. शिवाय आपण टाकलेलं क्लोरीन आधी त्याच्यातच खर्च होतं, जंतू मारायला कमी उरतं. अशा वेळी जंतूंची तपासणी मागा आणि तोवर पाणी उकळून प्या.

नमुन्यासाठी स्वच्छ प्लास्टिकची बाटली घ्या, काचेतून सोडियम उतरू शकतं. त्याच पाण्याने ती तीनदा खंगाळा. तोंडात बोट घालू नका, घामातही सोडियम असतं. बाटली थंड ठेवा आणि लवकर पोचवा. जंतूंच्या तपासणीला मात्र प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली लागते, ती खंगाळायची नाही.

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने घेतो, त्याला आपल्या वस्तीचा हातपंपही घ्यायला लावा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. क्रोमॅटोग्राफीचं यंत्र सगळीकडे नसतं. तिथे थेंब-थेंब रसायन टाकून रंग बदलण्यावरून जडपणा काढतात आणि ज्योतीच्या रंगावरून सोडियम. तेही चालतं. अर्जात मात्र सोडियम आणि अमोनिया अशी नावं स्वतः लिहा, आणि एक तपासणी उन्हाळ्यात, एक पावसाळ्यानंतर करून घ्या.