जपानमधला उघडा ट्रक आणि त्याचा नवा चालक

आपल्यापैकी अनेकांना हल्ली गावाकडून एक प्रश्न विचारला जातो. "आमच्या मुलाला तिकडे ट्रक चालवायचं काम मिळेल का हो?" प्रश्न अस्थानी नाही. मार्च २०२४ मध्ये जपान सरकारने ‘विशिष्ट कौशल्य’ व्हिसाच्या क्षेत्रांमध्ये वाहन-वाहतुकीची भर घातली. त्या वेळी ट्रक, बस आणि टॅक्सी मिळून पाच वर्षांसाठी २४,५०० ही कमाल संख्या ठरली. पाठोपाठ १ एप्रिल २०२४ पासून चालकांच्या जादा कामावर वर्षाला ९६० तासांची मर्यादा आली आणि माणसांची चणचण अधिकच जाणवू लागली. तेव्हा ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याआधी हे काम नेमके काय आहे, ते समजून घेऊ. त्यातही उघड्या हौद्याच्या ट्रकचे, कारण तिथे नवख्याची खरी परीक्षा होते.

या ट्रकला इथे ‘हिरा-बॉडी’ म्हणतात. आपल्या हिऱ्याशी याचा काही संबंध नाही. ‘हिरा’ म्हणजे सपाट. बाजूच्या फाळक्यांना ‘आओरी’ आणि केबिनमागच्या उभ्या चौकटीला, देवळापुढच्या कमानीवरून, ‘तोरीई’ म्हणतात. लोखंडी सळया, लाकूड, यंत्रे असा माल यावर जातो. तो बंद पेटीत नसतो. त्यामुळे नीट बांधणे, ताडपत्री घालणे आणि वाटेत थांबून पट्टे पुन्हा तपासणे हे सगळे चालकाच्या कामातच येते.

पहिली पायरी परवान्याची. १२ मार्च २०१७ पासून साध्या परवान्यावर एकूण वजन ३.५ टनांपेक्षा कमी आणि माल २ टनांपेक्षा कमी असलेलेच वाहन चालवता येते. त्यावर ७.५ टनांखाली ‘उप-मध्यम’, ११ टनांखाली ‘मध्यम’ आणि त्याहून मोठ्या ट्रकसाठी ‘मोठा’ परवाना लागतो. ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलर ओढायचा तर आणखी वेगळा. भारतीय परवाना बदलून घेताना लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ऑक्टोबर २०२५ पासून लेखी परीक्षेत १० ऐवजी ५० प्रश्न असतात आणि ९० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात.

नोकरी लागली म्हणजे लगेच चाक हातात मिळते असेही नाही. हे काम पूर्वी न केलेल्या चालकाला कंपनीने किमान १५ तासांचे मार्गदर्शन आणि २० तास प्रत्यक्ष चालवण्याचे शिक्षण द्यायचे असते. माल बांधणे त्या पंधरा तासांतच येते. रोज निघण्यापूर्वी आणि परतल्यावर ‘तेन्को’ होते. त्यात तब्येतीची विचारपूस आणि श्वासातील मद्याची तपासणी असते. सलग चार तास चालवले की तीस मिनिटे थांबावेच लागते.

आता मालाकडे वळू. मी संगणकावर काम करणारा माणूस, पण इथले गणित शाळेतल्या पदार्थविज्ञानाचेच आहे. युरोपीय मानकानुसार जोराच्या ब्रेकसाठी मालाच्या वजनाच्या ०.८ पट बल पुढच्या दिशेने धरतात. म्हणजे ४ टनांचा माल ३.२ टनांच्या जोराने केबिनकडे झेपावतो. लाकडी हौद्यावर घर्षणांक ०.४ धरला, तर घर्षण १.६ टन थोपवते. उरलेले १.६ टन वरून टाकलेल्या पट्ट्यांनी थोपवायचे. पण असा पट्टा मालाला मागे ओढत नाही, फक्त खाली दाबतो. म्हणून दाब हवा १.६ भागिले ०.४, म्हणजे तब्बल ४ टन. एका पट्ट्याचा दाब ६०० किलो धरला तर सात पट्टे झाले! खाली रबरी चटई घालून घर्षणांक ०.६ केला, तर हाच दाब सुमारे १.३ टनांवर येतो आणि तीन पट्टे पुरतात. प्रत्यक्षात सुरक्षिततेसाठी याहून जास्तच बांधतात, आणि माल शक्यतो तोरीईला टेकवून ठेवतात. ‘घट्ट आवळलंय’ एवढ्याने भागत नाही, ते यामुळे.

दुसरा धोका हौद्यावरून पडण्याचा. ऑक्टोबर २०२३ पासून २ टन वा अधिक क्षमतेच्या अशा ट्रकवर माल चढवता-उतरवताना हेल्मेट आणि चढण्या-उतरण्याची सोय सक्तीची झाली आहे. पूर्वी ही मर्यादा ५ टन होती. क्रेनने उचलण्यासाठी माल साखळदंडात अडकवायचा असेल, तर ‘तामाकाके’चे वेगळे प्रशिक्षण लागते.

तेव्हा गावाकडच्या मुलाला काय सांगावे? ट्रकसाठी जपानी भाषेची एन-४ पातळी आणि कौशल्य-परीक्षा आवश्यक आहे. परवाना इथे येऊन काढायचा असल्यास त्यासाठी सहा महिन्यांपर्यंतच राहता येते. व्हिसाच्या पहिल्या टप्प्यात एकूण पाच वर्षे मिळतात आणि बायको-मुलांना आणता येत नाही, हे घरच्यांनाही आधीच स्पष्ट सांगावे. कंपनीकडे सुरक्षिततेचा ‘जी-मार्क’ किंवा चांगल्या कामाच्या जागेचे प्रमाणपत्र आहे का, ते विचारावे. अशा कामगारांना घेण्यासाठी दोन्हींपैकी एक लागतेच. आपल्यापैकी ज्यांना जपानी वाचता येते, त्यांनी तासाभराचा वेळ काढून त्या मुलाचा करार वाचून दिला, तर त्याच्या घरचे पैसे आणि उमेदीची काही वर्षे वाया जाणार नाहीत.