कणसाला केस कशाला?

पावसाळ्यात गाडीवरचं भाजलेलं कणीस तुम्ही नक्की खाल्लं असेल. वरून लिंबू, तिखट, मीठ! पण कणीस सोलताना हाताला चिकटणारे ते मऊ, पिवळसर केस आपण सरळ कचऱ्यात टाकतो. ते कशासाठी असतात, हा प्रश्न कधी पडलाय तुम्हाला? मलाही चाळिशी उलटेपर्यंत पडला नव्हता. पडला तो फजिती झाल्यावर. आधी तीच सांगतो.

आमचं घर सोलापुरात. उन्हाळ्यात इथे पारा चाळीस अंशांच्या वर जातो, हवा कोरडी ठक्क आणि नळाला रोज पाणी नाही. तरीही मागच्या अंगणात मधुमका, म्हणजे आपला स्वीट कॉर्न, लावायचा असं मी आणि मुलांनी ठरवलं. ठरवण्यातच मार्च उजाडला. कुंपणाच्या कडेनं एका ओळीत बारा बिया टोकल्या. मुलं तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी जपून ठेवायची आणि झाडांना घालायची. नळाला पाणी नसेल त्या दिवशी त्यांची आई हौदातून कळशी भरून आणायची. झाडं मुलांच्या डोक्यावर गेली, कणसं धरली. मे महिन्यात धाकटीनं मोठ्या हौसेनं पहिलं कणीस सोललं आणि तिचा चेहराच पडला. आत दाणे किती? फक्त सतरा! इकडे दोन, तिकडे तीन. थेट आजोबांचं बोळकं! बाकीच्या कणसांचीही तीच गत. धाकटी रडायलाच लागली. “मी तर रोज पाणी घातलं होतं!”

शेजारच्या आजी मंगळवेढ्याकडच्या. सारा जन्म ज्वारीच्या रानात गेलेला. त्या म्हणाल्या, “पाण्याचा दोष न्हाई, बाळा. ज्वारी एका वळीत लाव, दाणा भरंल. मक्याला सोबत लागती.”

आजींच्या त्या एका वाक्यात सगळं शास्त्र होतं, बरं का!

एक केस, एक दाणा

ज्वारीच्या कणसात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात असतात. त्यामुळे परागीभवन घरच्या घरी होतं. मक्याचं तसं नाही. झाडाच्या शेंड्याला जो तुरा येतो, ती नरफुलं. खाली पानाच्या बगलेत जे कणीस धरतं, ती मादीफुलं. आणि कणसाचे केस म्हणजे या मादीफुलांचे लांबच लांब स्त्रीकेसर. प्रत्येक केसाचं खालचं टोक एकेका होऊ घातलेल्या दाण्याला जोडलेलं असतं. तुऱ्यातला एक परागकण उडत येऊन केसावर बसला, की त्यातून एक बारीक नळी निघते आणि केसातून खाली उतरते. साधारण दिवसभरात ती तळाशी पोचते, तेव्हा कुठे एक दाणा भरायला लागतो! ज्या केसाला पराग मिळाला नाही, त्याच्या जागी दाणा नाही. म्हणजे कणसावर चारशे दाणे हवे असतील, तर चारशे केसांना पराग मिळायला हवा.

हा पराग वाहून नेतो वारा. एकच ओळ असली, की वारा पराग भलतीकडेच घेऊन जातो. म्हणून मका ओळीत नाही, चौकोनात लावायचा. वारा कुठूनही आला, तरी कुणाचा ना कुणाचा पराग शेजाऱ्याला मिळतोच. हीच ती ‘सोबत’!

मुहूर्त महत्त्वाचा

माझी दुसरी चूक वेळेची. बी लावल्यापासून साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी तुरा येतो. मार्चच्या सुरुवातीला लावलं, की तुरा येणार एप्रिलच्या अखेरीस, भर उन्हाच्या तडाख्यात. पारा ३५ अंशांच्या वर आणि हवा कोरडी असली, की पराग लवकर मरतात आणि कणसाचे केसही वाळतात. म्हणून बी लावताना आजचं हवामान बघू नका. तुरा येईल तेव्हाचं बघा. आपल्या कोरड्या भागात जूनमध्ये चांगला पाऊस झाल्यावर किंवा ऑक्टोबरमध्ये लावलेलं बरं. जानेवारीअखेर लावलं, तरी तुरा मार्चमध्ये येऊन जातो.

आता लावूया

आठ फूट लांब, चार फूट रुंद असा दिवसभर ऊन मिळणारा वाफा पुरे. माती भुसभुशीत करून त्यात भरपूर कुजलेलं शेणखत मिसळा. मका भारी खादाड! दोन ओळींत दोन फूट आणि दोन झाडांत एक फूट अंतर ठेवून चार ओळींत चार-चार झाडं लावा. एकेका जागी दोन बिया, एक-दीड इंच खोल. दोन्ही उगवल्या तर जोमदार रोप ठेवा, दुसरं काढा.

मधुमक्याचं बी सुरकुतलेलं दिसेल. ते खराब नसतं. त्यात पिष्ट कमी आणि साखर जास्त असते, म्हणून वाळल्यावर ते चुरमडतं. विकतच्या बियाण्याला बहुधा गुलाबी-लाल औषध लावलेलं असतं. ते खायचं नाही आणि लावून झाल्यावर हात साबणानं धुवायचे. आई-बाबांनी हे नजरेखाली करून घ्यावं.

झाडं गुडघ्याएवढी झाली, की पुन्हा थोडं खत आणि बुंध्याशी मातीची भर. पाणी सकाळी, मुळाशी घाला. वर वाळका पाला किंवा उसाचं पाचट पसरा, म्हणजे ओल टिकते. दुपारी पानं सुरळीसारखी वळली, तर लगेच घाबरू नका. पाणी वाचवायची ती झाडाची युक्ती आहे. सकाळीही वळलेलीच दिसली, तर मात्र झाड तहानलेलं आहे. तुरा आणि केस येतात ते दोन-तीन आठवडे पाण्यात कुचराई नको. पाणी मोजकंच असेल, तर या दिवसांसाठी राखून ठेवा.

रोज पोंग्यात डोकावा. भुश्यासारखी विष्ठा आणि पानांना भोकं दिसली, तर लष्करी अळी आलीच समजा. अमेरिकेतली ही अळी भारतात पहिल्यांदा २०१८ मध्ये सापडली. तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’सारखी खूण आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके असतात. घरच्या सोळा झाडांवरच्या अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या, तरी भागतं.

आपणच वारा व्हायचं

झाडं थोडीच असतील, तर वाऱ्याला मदत करा. केस बाहेर पडले, की सकाळी ऊन चढायच्या आत तुरा कागदी पिशवीत हलकेच झटका. पिवळी भुकटी जमेल. ती दुसऱ्या झाडांच्या केसांवर भुरभुरा. असं चार-पाच दिवस करा, कारण कणसाच्या बुडाकडचे केस आधी बाहेर येतात आणि टोकाकडचे शेवटी. पराग मिळेपर्यंत केस रोज इंच-इंच वाढत राहतात, जणू वाट बघत!

त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी केस तपकिरी होऊन वाळतात. वरचं आवरण थोडं बाजूला करून एका दाण्यात नख रुतवा. पाणी निघालं, तर थांबा. दुधासारखा रस आला, की तोडा. पीठ लागलं, तर उशीर झाला! तोडलेलं कणीस ठेवून देऊ नका. तोडल्यापासून त्यातल्या साखरेचं पिष्ट होऊ लागतं, उकाड्यात तर झपाट्यानं. काही नव्या वाणांत हे सावकाश होतं, पण चुलीवर पाणी ठेवून मग कणीस तोडायला जाण्याची मजा काही औरच!

पुढच्या जूनमध्ये आम्ही चौकोनात सोळा झाडं लावली. मध्येच पावसानं ओढ दिली. जपून ठेवलेलं पाणी तेव्हा कामी आलं. एक कणीस अळीनं नेलं, एक पोपटानं. गणपतीच्या सुमारास उरलेली चौदा तोडली. या वेळी सोलायचा मान धाकटीनं आजींना दिला. कणीस बुडापासून जवळजवळ टोकापर्यंत भरलेलं! आजी हसल्या आणि त्यांचं बोळकं दिसलं. धाकटीनं त्यांना दाणे खुडून, मऊ शिजवून वाटीत दिले.

करून बघा : बाजारातून एक भरलेलं कणीस आणा आणि मधोमध दाण्यांच्या उभ्या ओळी मोजा. बारा, चौदा, सोळा... आकडा बहुतेक समच निघेल, कारण मक्याची मादीफुलं जोडीजोडीनं येतात. मक्याला इथेही सोबत लागतेच की!