इग्वानाला माणसाळवताना

“अगं बाई, घोरपडच आणलीत की घरात!” आमच्या बदलापूरच्या घरी तो पिंजरा आला तेव्हा सासूबाई दारातूनच मागे फिरल्या. ती घोरपड नव्हती, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या रानातला हिरवा इग्वाना होता. शेपटीसकट चार फूट! भावजींच्या उल्हासनगरच्या मित्राकडे तो अंधाऱ्या खोलीत, धड वळताही येणार नाही अशा पिंजऱ्यात पडून होता.

घोरपड आपल्या रानातली, ती कायद्याने पाळताच येत नाही. इग्वाना परदेशी, पण २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याचीही ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंद करावी लागते. तो दुसऱ्याला दिला तर तेही कळवावं लागतं. ते सोपस्कार ह्यांनी आधी पुरे करून घेतले.

अंबरनाथच्या पशुवैद्यांनी तपासलं नि सांगितलं, “हाडं मऊ पडायला लागलीत.” आधी त्याला पालक नि पाव मिळायचा. पालकामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. आता शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, किसलेला दुधी नि लाल भोपळा देते. मांस-अंडं अजिबात नाही. ऊन मात्र हवंच, नि काचेतून आलेलं चालत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही, तेव्हा अतिनील किरणांचा खास दिवा लावावा लागतो.

पहिल्याच दिवशी पाणी ठेवायला मी वरून हात घातला, नि शेपटीचा असा फटका बसला की मनगटावर वळ उठला! मग कळलं, याच्या डोक्यावर उजेड-सावली ओळखणारा तिसरा डोळा असतो. रानात वरून झडप घालतो तो शिकारी पक्षी. वरून आलेला हात म्हणजे त्याला मरणच वाटणार.

मग मी नेम धरला. शाळेतून आले की अर्धा तास पिंजऱ्याजवळ वह्या तपासत बसायचं. त्याच्याकडे टक लावायची नाही, हात लावायचा नाही. पंधरा दिवसांनी समोरून, खालच्या बाजूने जास्वंदीचं फूल पुढे केलं. गळ्याखालची झालर ताठ झाली, मान वरखाली हलू लागली, की ‘आज नको’ असं समजून उठायचं. शेपूट तर कधीच धरायची नाही, ती तुटते. तिसऱ्या महिन्यात एकदा त्याने हातातलं फूल खाल्लं. मला रडूच आलं!

मैत्रिणींनो, त्याला हाताळलं की साबणाने हात धुवा, नि ओट्याकडे फिरकू देऊ नका. त्याच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. हौस म्हणून आणणार असाल तर थांबा. हा प्राणी पंधरा-वीस वर्षं जगू शकतो. आणि नकोसा झाला म्हणून नदीकाठी सोडू नका, वनखात्याला १९२६ वर कळवा.

आमचा अजूनही मांडीवर येत नाही. न येवो. सासूबाई मात्र रोज सकाळी शेवग्याचा पाला निवडताना विचारतात, “त्याचं जेवण झालं का गं?”