संगणकाचे संकेत आणि आपला संकोच



"हे काही आपल्याला जमायचं नाही," असे संगणकासमोर बसलेले मूल म्हणते आणि त्याला न्यायला आलेली आजीही म्हणते. दोघांनाही आमचे सांगणे एकच असते. ज्याला आपण बुद्धीची उणीव समजतो, ती पुष्कळदा एखादा संकेत माहीत नसल्याची अडचण असते. संकेत म्हणजे कोणीतरी, कधीतरी, काही कारणाने ठरवलेली रीत.

कीबोर्डवरील इंग्रजी अक्षरे ए-बी-सी-डी अशी ओळीने का नसतात? १८७०च्या दशकात अमेरिकेत तयार झालेल्या टाइपरायटरची मांडणी संगणकाने जवळजवळ तशीच उचलली. काम जतन करण्याचे चौकोनी चिन्ह हे फ्लॉपीचे चित्र आहे, आणि आजच्या बहुतेक मुलांनी फ्लॉपी पाहिलेली नाही. अशा गोष्टी विचार करून सुचत नाहीत, त्या विचारूनच कळतात. मग विचारण्यात लाज कसली?

मराठी टंकलेखनाचेही तसेच आहे. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 'इन्स्क्रिप्ट' ही मांडणी प्रमाण ठरवली. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. 'के'च्या कळीवर 'क' आहे, आणि गुजराती वा तेलुगू लिहितानाही तो तिथेच सापडतो.

नवशिक्या अडतो तो 'कि' लिहिताना. पडद्यावर वेलांटी आधी दिसते, पण इन्स्क्रिप्टमध्ये आधी 'क' आणि मग वेलांटी दाबायची, कारण इथे क्रम उच्चाराचा आहे. जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरवर वेलांटी आधी उमटवावी लागे. त्यामुळे ज्यांचा हात त्या यंत्रावर बसला आहे, तेच इथे जास्त अडखळतात. हात तोच आहे, रीत बदलली आहे. जोडाक्षरांचा नियमही साधा आहे: 'क', पाय मोडण्याचे चिन्ह आणि 'ष' मिळून 'क्ष'. हे चिन्ह 'डी'च्या कळीवर आहे.

आपल्यासाठी आणखी दोन कळा महत्त्वाच्या आहेत. घराबाहेर पाऊल टाकले की आपल्या मुलांच्या कानावर हिंदी पडते. आमच्यापैकी अनेकांचे शिक्षणही हिंदी माध्यमातून झाले. हिंदीच्या नेहमीच्या लेखनात 'ळ' लागत नाही, म्हणून तो शोधण्याची सवय नसते आणि 'वेळ'ची 'वेल' होते. शिफ्ट धरून 'एन' दाबले की 'ळ' मिळतो. शिफ्ट धरून 'जे' दाबले की 'ऱ' मिळतो. त्याचा पाय मोडून पुढे 'या' लिहिला की डोंगरातल्या 'दऱ्या' होतात. साधा 'र' घेतला तर समुद्राचा 'दर्या' होतो.

पूर्वी प्रत्येक फॉण्टची रीत वेगळी असे आणि एका संगणकावरचा मराठी मजकूर दुसरीकडे उघडल्यास वाचता येत नसे. युनिकोडच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी आज कुठेही वाचता येते.

तेव्हा आमची विनंती अशी. रोज पंधरा मिनिटे, एक कळ, एक संकेत. मुलांनी आजी-आजोबांना शेजारी बसवून त्यांचे नाव त्यांच्याच हातून लिहून घ्यावे. विश्वस्तांनी शाळा सुटल्यावर तासभर संगणक कक्ष पालकांसाठी उघडा ठेवण्याचा विचार करावा. आणि कोणी अडखळले, तर त्याला हसण्याऐवजी त्या रीतीमागचे कारण सांगावे.