शाळा सोडल्याचं कारण

शाळेच्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटात एक लांबरुंद, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर असतं. त्याला सगळे ‘जनरल रजिस्टर’ म्हणतात. एका ओळीत एक मूल. अनुक्रमांक, नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाचा दिनांक, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिनांक. शेवटाकडे अरुंद रकाना: शाळा सोडल्याचं कारण. त्यात ठरावीक तीन-चार उत्तरं आलटून पालटून येतात. ‘पुढील शिक्षणासाठी’. ‘पालकांची बदली’. ‘पालकांच्या विनंतीवरून’. ‘सतत गैरहजर’. त्यापुढे ती ओळ संपते. मुलाचं पुढे काय झालं, हे लिहायला रजिस्टरात जागाच नाही.

मे-जून आला की वर्तमानपत्रांतून खासगी विद्यापीठांच्या पानभर जाहिराती सुरू होतात. हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो, खाली नाव, हुद्दा, कंपनी. आमच्याकडे शिकले आणि इथवर पोचले, असा त्यांचा सांगावा. माजी विद्यार्थी हे या विद्यापीठांचं मोठं भांडवल असतं आणि ते जपायला त्यांच्याकडे स्वतंत्र विभागही असतो. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत असं एकही खासगी विद्यापीठ नाही. पण इथून गेलेल्या माणसांची यादी करायला घेतली, तर ती कुठल्याही जाहिरातीच्या पानाला भारी पडेल. अडचण एवढीच, की ही माणसं नेमकी कुणाची माजी विद्यार्थी, हे ठरवणं सोपं नाही.

कवयित्री शांता शेळके यांचंच घ्या. त्यांचा जन्म 12 ऑक्टोबर 1922 चा, इंदापूरचा. वडील वनखात्यात असल्याने बिऱ्हाड फिरतं. पण शेळक्यांचं घर आंबेगाव तालुक्यातल्या मंचरचं आणि शांताबाईंच्या लहानपणाचा मोठा भाग खेड-मंचर परिसरातला. वडील लवकर गेले आणि कुटुंब पुण्याला काकांकडे आलं. तिथं हुजूरपागा, म्हणजे पेशव्यांच्या खाशा घोड्यांच्या पागेच्या जागेवर 1884 साली सुरू झालेली मुलींची शाळा. ती सरकारनं काढलेली नव्हती. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी पुढाकार घेऊन, देणग्या जमवून उभी केलेली. पुढे स. प. महाविद्यालय. तेही शिक्षण प्रसारक मंडळीनं 1916 मध्ये ‘न्यू पूना कॉलेज’ म्हणून काढलेलं आणि नंतर जमखंडीच्या पटवर्धन संस्थानिकांच्या देणगीमुळे सर परशुरामभाऊंचं नाव लाभलेलं. तिथं मराठी शिकवायला श्री. म. माटे होते.

पदवी मात्र मुंबई विद्यापीठाची. कारण पुणे विद्यापीठ स्थापन झालं 1949 मध्ये. तोवर पुण्यातली महाविद्यालयं मुंबईलाच जोडलेली होती. म्हणजे मंचरची मुलगी, हुजूरपागेची विद्यार्थिनी, स. प.ची पदवीधर आणि विद्यापीठ मुंबईचं. चार ठिकाणांनी तिच्यावर हक्क सांगावा आणि तो चौघांचाही खरा असावा, असं हे प्रकरण आहे.

आणि त्या शिक्षणातून निघालेलं आयुष्य तरी एका वाटेचं कुठे होतं? आचार्य अत्रे यांच्या ‘नवयुग’मध्ये सहसंपादकाचं काम, मग नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात मराठीच्या प्राध्यापक, नंतर मुंबईत रुईया आणि परळचं महर्षी दयानंद कॉलेज. 1950 च्या ‘राम राम पाव्हणं’पासून चित्रपटगीतं; काही गीतं ‘डॉ. वसंत अवसरे’ या टोपणनावानं. ‘मेघदूत’चा मराठी अनुवाद, ‘लिटल विमेन’वरून ‘चौघीजणी’, कादंबऱ्या, ललित लेख, मुलांसाठी लेखन, ‘धूळपाटी’ हे आत्मकथन, चित्रपट परीक्षण मंडळावरचं काम. 1996 साली आळंदीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. संस्कृतची बैठक, वर्तमानपत्री कामातला झपाटा आणि गावाकडच्या बायकांच्या तोंडची ठसठशीत मराठी या तिन्ही गोष्टी त्यांच्या गाण्यांत एकत्र नांदतात. यातली पहिली कॉलेजनं दिली, दुसरी कचेरीनं. तिसरी मात्र कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हती. ती घोडनदीच्या खोऱ्यातून आली, असं म्हणायला मंचरकरांना पूर्ण अधिकार आहे.

जुन्नर तालुक्यातल्या ओतूरची गोष्ट वेगळी. 1944 साली तिथं जन्मलेल्या अनिल अवचटांचे वडील डॉक्टर होते, आणि मुलानंही डॉक्टर व्हावं हे घरात जणू ठरलेलंच होतं. मुलगा पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात गेला आणि एम.बी.बी.एस. झाला. कॉलेज सरकारी, पण नावात बैरामजी जीजीभॉय हे दानशूर पारशी गृहस्थ. त्यानंतर घडलं ते कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयाच्या योजनेत बसणारं नव्हतं. बिहारमध्ये जाऊन आलेल्या या तरुणानं 1969 मध्ये ‘पूर्णिया’ लिहिलं आणि डॉक्टरकी बाजूला पडली. हमाल, विडी कामगार, रस्त्यावर पोट भरणारी माणसं यांच्याकडे तो वही घेऊन जाऊ लागला. रुग्णाला ‘कुठं दुखतंय’ हा प्रश्न विचारून उत्तर संपेपर्यंत ऐकायचं, हे खरं तर डॉक्टरचंच काम. अवचटांनी दवाखाना सोडला, पण ही सवय सोडली नाही. त्यांच्या लेखांत निष्कर्षाची घाई नसते, ती याचमुळे.

1986 मध्ये त्यांनी आणि पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीचं पाठबळ होतं. ओरिगामी, बासरी, लाकडातलं शिल्प हे त्यांचे छंद वाचकांना ठाऊक आहेत. त्यांचे धाकटे भाऊ सुभाष अवचट चित्रकार झाले, आणि मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर त्यांची सही एका पिढीनं पाहिली. एकाच गावातल्या डॉक्टरांच्या घरातून एक लेखक आणि एक चित्रकार निघाला. ओतूरच्या चैतन्य परंपरेचा आणि मांडवी नदीचा अभिमान गावाला आहेच. या घराचाही तेवढाच असायला हवा.

तिसरं नाव आजच्या पिढीला ओळख करून द्यायला नको. अमोल कोल्हे, जन्म 1980, नारायणगाव. पुण्यात शालेय शिक्षण आणि मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून एम.बी.बी.एस. के.ई.एम. रुग्णालयाला जोडलेलं हे महापालिकेचं कॉलेज 1926 चं. ज्यांच्या देणगीतून ते उभं राहिलं, त्या विश्वस्तांची अट होती की इथले प्राध्यापक भारतीयच असले पाहिजेत. या कॉलेजातून बाहेर पडलेला नारायणगावचा डॉक्टर 2008 मध्ये ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेत शिवाजी महाराज झाला आणि 2017 पासून ‘स्वराज्यरक्षक संभाजी’मध्ये संभाजी महाराज. शिवनेरी त्याच्या गावापासून गाडीनं अर्ध्या तासावर. 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये शिरूर मतदारसंघातून तो लोकसभेवर निवडून गेला. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके त्याच मतदारसंघात येतात. राजकारणाबद्दल ज्याचं त्याचं मत असो. पण पदवीनं आखून दिलेली वाट सोडून दुसरीकडे वळलेला हा या मुलखातला दुसरा डॉक्टर, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

या तिघांना शिकायला गाव सोडावं लागलं. आता तशी वेळ नाही, आणि याचं श्रेय ‘खासगी’ या शब्दाच्या जुन्या अर्थाला जातं.

आज खासगी म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ: राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेलं, स्वतःच्या पदव्या देणारं, फीवर चालणारं. त्याआधीची पायरी 1983 ची. त्या वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि महाराष्ट्रात कॉलेजांची लाट आली. पण त्याच्याही आधीपासून ‘संस्था’ होती. गावातल्या चार जाणत्यांनी एकत्र यायचं, कुणी जागा द्यायची, कुणी पोतं-दोन पोती धान्य, कुणी वर्गणी. मग सरकारकडून शिक्षकांच्या पगाराचं अनुदान मिळवायचं आणि विद्यापीठाशी संलग्न व्हायचं. मालकी खासगी, पण नफा कुणाचाच नाही.

जुन्नरचं श्री शिवछत्रपती महाविद्यालय, ओतूरचं अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय, नारायणगावची ग्रामोन्नती मंडळाची शाळा-महाविद्यालयं, घोडेगावचं बी. डी. काळे महाविद्यालय ही सगळी याच घडणीची. मंचरचं अण्णासाहेब आवटे महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावात लावलेल्या रोपट्याची ती एक फांदी. ग्रामोन्नती मंडळानं तर कृषी विज्ञान केंद्रही चालवायला घेतलं, म्हणजे वर्गातल्या मुलाचा बापही संस्थेचा विद्यार्थी झाला. या संस्थांच्या जोडीला 2009 मध्ये अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आलं.

या संलग्न व्यवस्थेत एक नुकसान मात्र सोसावं लागतं. पदवी पुणे विद्यापीठाची असते. त्यामुळे ओतूरला किंवा घोडेगावला तीन वर्षं शिकलेला मुलगा बाहेर गेला की ‘पुणे विद्यापीठाचा’ होतो आणि ज्या वर्गात तो बसला त्याचं नाव गळून पडतं. खासगी विद्यापीठाच्या नशिबी हे येत नाही. तिथं शिकवणारा आणि पदवी देणारा एकच असतो. म्हणून त्यांच्या याद्या भरगच्च आणि आपल्या कोऱ्या.

महाविद्यालयांना माजी विद्यार्थ्यांची आठवण होते ती ‘नॅक’ची समिती यायच्या वेळी. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या, 1994 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण आहेत. मग मेळावा भरतो, फॉर्म भरून घेतले जातात. निकषामुळे का होईना, ही कामं होतात हे चांगलंच. ती समिती गेल्यावरही चालू राहिली पाहिजेत.

कारण खरी गरज प्रसिद्ध नावांची नाही. शांताबाई, अवचट, कोल्हे यांची नोंद जगानं घेतलेलीच आहे. आंबेगावच्या पश्चिमेला, जिथं तालुक्याला नाव देणारं मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, तिथं महादेव कोळ्यांच्या वाड्यांमधली मुलं आश्रमशाळेत शिकतात. हंगामात आई-वडील हिरडा गोळा करतात. त्या घरातून पहिल्यांदा पदवीपर्यंत पोचलेली मुलगी परिचारिका झाली, तलाठी झाली, शिक्षिका झाली, तर तिचं नाव कुठल्या फलकावर लागतं? पुढच्या मुलीला नेमका तोच फलक दिसायला हवा. मंत्री किंवा नट होणं तिला दूरचं वाटेल. शेजारच्या वाडीतली ताई जिथं पोचली, तिथं आपणही पोचू हे तिला पटेल.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जे दिसतं ते याच कारणासाठी महत्त्वाचं. तिथल्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना आहेत, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या. पुण्याचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवतं. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ती लोकांसाठी खुली होते आणि शाळांचं प्रदर्शन भरतं. थर्माकोल, वायरी, सेलोटेप, एलईडीच्या माळा. टेबलामागे गणवेशातली दोन मुलं, येणाऱ्या प्रत्येकाला तीच माहिती पहिल्याच उत्साहानं सांगणारी. पाठीमागे आकाशाकडे तोंड केलेली जाळीची प्रचंड थाळी. एरवी द्राक्षबागेतून लांबून दिसणारी ती वस्तू त्या दिवशी जवळची होते, आणि तिथं काम करणारी माणसं हाडामांसाची.

यादीत न बसणारीही माणसं आहेत आणि त्यांना वगळून या मुलखाची गोष्ट पुरी होत नाही. महाळुंगे पडवळचा बाबू गेनू मुंबईत गिरणीत कामाला होता. 12 डिसेंबर 1930 रोजी परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा होऊन तो गेला. विठाबाई नारायणगावकर तमाशाच्या फडावर वाढल्या आणि राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवल्या गेल्या. दोघांनाही कुठल्या कॉलेजनं घडवलं नाही. पण त्यांच्या नावानं गाव ओळखलं जातं, तसंच तिथल्या शाळांनीही आपल्या भिंतीवर त्यांना जागा द्यावी.

जूनमध्ये दाखला काढायला, नाव-दुरुस्तीला किंवा जातीच्या दाखल्यासाठी जुना उतारा आणायला अनेक जण आपल्या शाळेत जातील. जनरल रजिस्टर उघडलं जाईल, लिपिक बोट फिरवत तुमच्या ओळीवर येईल. कारणाच्या रकान्यात ‘पुढील शिक्षणासाठी’ असेल किंवा ‘सतत गैरहजर’ही असेल. त्या दिवशी उतारा घेऊन लगेच परतू नका. मुख्याध्यापकांना भेटा, वेगळी वही घालायला सांगा, आणि तिच्या पहिल्या पानावर तुमचं नाव, दहावीचं वर्ष, आज काय करता आणि फोन नंबर लिहून या.