विश्लेषण : जुन्या मॉडेल ग्लायडरला विजेची मोटर कशी बसवतात?

मॉडेल ग्लायडरला इंजिन नसते. लांब रबर ताणून, विंचने दोरी ओढून किंवा डोंगरउतारावरून फेकून तो हवेत सोडावा लागतो. सपाट मैदानात एकट्याला हे जमवणे कठीण. म्हणून अनेक हौशी जुन्याच ग्लायडरच्या नाकात विजेची मोटर बसवतात. पण मग त्याचे तरंगणे टिकते का?

कल्पना किती जुनी?

विद्युत मॉडेल विमानांवर काम करणारे फ्रेड मिलिट्की यांच्या पुढाकाराने 1973 मध्ये ऑस्ट्रियात माणूस बसणाऱ्या एचबी-3 मोटर ग्लायडरवर असाच बदल झाला. हाइनो ब्रडिच्का यांनी तो उडवला. निकेल-कॅडमियम बॅटरीवरचे ते उड्डाण पाव तासाच्या आत संपले. आज हलक्या लिथियम-पॉलिमर बॅटरीने काम सोपे केले आहे.

काय काय लागते?

ब्रशलेस मोटर, वेग नियंत्रक (ईएससी), बॅटरी आणि घडी होणारा प्रोपेलर. चांगल्या चढाईसाठी दर किलोला सुमारे 200 वॉट धरतात. म्हणजे सव्वा किलोच्या ग्लायडरला 250 वॉट. तीन सेलच्या 11.1 व्होल्ट बॅटरीतून त्यासाठी साधारण 22 अँपिअर प्रवाह लागतो. म्हणून नियंत्रक 30 अँपिअरचा घेतात. 1300 एमएएचच्या बॅटरीची 80 टक्के क्षमता वापरली, तर मोटर जेमतेम पावणेतीन मिनिटे चालते. वेळ कमी वाटते. पण 30 सेकंदांची एक याप्रमाणे त्यात पाच चढाया होतात. उरलेला वेळ ग्लायडर मोटर बंद ठेवूनच तरंगतो.

तरंगण्यावर परिणाम?

वजन 20 टक्के वाढले तर उडण्याचा आणि खाली येण्याचा वेग सुमारे 10 टक्क्यांनी वाढतो. मात्र नाकात तोलासाठी ठेवलेले शिसे काढून मोटर बसवली, तर वाढ कमी राहते. गुरुत्वमध्य मूळ आराखड्यातल्या जागीच हवा. तो मागे गेला तर ग्लायडर हाताबाहेर जातो. त्यासाठी बॅटरी पुढेमागे सरकवून तोल साधतात. नियंत्रकातील ‘ब्रेक’ही सुरू ठेवावा लागतो. नाहीतर प्रोपेलर हवेने फिरत राहतो, पाती मिटत नाहीत आणि तरंगणे घटते.

धोका कुठे?

फुगलेली किंवा आपटलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. त्यामुळे योग्य चार्जरवर, नजरेसमोरच चार्जिंग करावे. जोडणी तपासताना प्रोपेलर काढून ठेवावा. अचानक सुरू झालेली मोटर बोटे कापू शकते. उडवण्यापूर्वी ‘डिजिटल स्काय’वरील नकाशाही पाहावा. भारतात ड्रोन नियम 2021 नुसार हिरव्या क्षेत्राची उंची सर्वसाधारणपणे 120 मीटरपर्यंतच आहे. मोटरच्या जोरावर ही मर्यादा काही सेकंदांत ओलांडली जाऊ शकते.