केस माझी, पण मला कोण सांगतं?

नागपूरहून पुन्हा मी. ज्यांना इयरफोन सापडत नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय.

एका मैत्रिणीने पोलिसांत तक्रार दिली, त्याला चार महिने झाले. परवा चहा पिताना म्हणाली, "पार्सल कुठवर आलं ते मोबाईलवर दिसतं रे. माझी केस कुठवर आली, ते विचारायचीही सोय नाही."

सोय आहे. पण ती सहज मिळालेली नाही.

१९७२. देसाईगंज पोलीस ठाणं, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, आज गडचिरोलीत. एका आदिवासी मुलीवर ठाण्यातच बलात्कार झाला, आरोपी पोलीस. सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. आपल्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. एक कारण काय, तर तिच्या अंगावर जखमा नाहीत! १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी याविरुद्ध खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेचं नाव छापणं तेव्हापासून गुन्हा आहे. म्हणून मीही तिचं नाव घेत नाही.

या सगळ्यात ती कोण होती? फक्त साक्षीदार. आरोपी सुटल्यावर अपील करायचं की नाही, हे सरकारने ठरवायचं.

आज काय बदललंय?

एक: आरोपी सुटला, तर पीडित व्यक्ती स्वतः अपील करू शकते. हा हक्क २००९ च्या शेवटी आला.

दोन: १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे. तपास कुठवर आला, हे पोलिसांनी ९० दिवसांत तक्रारदाराला किंवा पीडितेला कळवायचं. मोबाईलवर कळवलं तरी चालतं.

तीन: गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, एफआयआर जवळच्या ठाण्यात नोंदवता येतो. प्रत मोफत मिळते.

चार: सरकारला खटला मागे घ्यायचा असेल, तर कोर्टाने आधी पीडितेचं ऐकायला हवं.

पाच: बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, २०१३ पासून. अर्जासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. हेल्पलाइन १५१००.

कागदावरचा हक्क आपोआप चालत येत नाही, हेही खरं. मैत्रिणीला मी एवढंच म्हटलं, "लेखी अर्ज दे, ९० दिवसांचा उल्लेख कर आणि पोच घे." सोमवारी आम्ही दोघं ठाण्यात जातोय. एकटीने त्या बाकावर बसणं जड जातं ना.

तुमच्या ओळखीत कोणी असं थांबलं असेल, तर हा एपिसोड पाठवा. आणि जमलं तर सोबत जा.